खेळणी कुणाची?

गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे आरतीला चाळीस-पन्नास मंडळी होती. जेवणं झाली आणि नेहमीप्रमाणे पुरुषमंडळी चहाचे कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरली. तिथे भिंतीला लागून एक काचेचं कपाट आहे. त्यात एक लाल-निळा यंत्रमानव, हिरव्या वाघावर बसलेला एक पिळदार दंडांचा वीर आणि मधल्या बोटापेक्षा थोडेसे उंच असे तीसेक सैनिक शिस्तीत उभे आहेत. भारतातून मुलाकडे आलेल्या एका काकांनी चष्मा सावरत ते सगळं नीट पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, "अरे वा! हे कुणाचं?"

"मुलीचं," मी म्हणालो.

मंडळी पांगल्यावर आमची चौदा वर्षांची कन्या जिन्यात उभी होती. "बाबा, तू खोटं का बोललास? त्यातलं माझं एकही नाहीये."

मी पंचेचाळीस वर्षांचा सॉफ्टवेअर सल्लागार. क्लाएंटच्या अवघड प्रश्नांना उत्तरं देण्याचेच मला पैसे मिळतात. पण तिला काही मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर समजा. त्यासाठी थोडं इतिहासात शिरावं लागेल, कारण "ही खेळणी कुणाची?" हा प्रश्न माझ्या बेसमेंटपेक्षा बराच जुना आहे. त्यावर कंपन्या भांडल्या, सरकारनं नियम केले आणि मोडले, आया रस्त्यावर नाही तरी वॉशिंग्टनपर्यंत गेल्या, आणि शेवटी मुलांनीही आपलं म्हणणं ऐकवलं.

बाहुलीला दिलेलं नवं नाव

सुरुवात १९६४ पासून करू. बार्बीच्या यशाकडे पाहून हॅस्ब्रो कंपनीनं मुलग्यांसाठी बारा इंच उंचीचा एक सैनिक बाजारात आणला, 'जी. आय. जो'. अडचण एवढीच होती की मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत, आणि त्यांचे वडील तर बाहुली विकतही घेत नाहीत. म्हणून तिला बाहुली म्हणायचंच नाही असं ठरलं. 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्द तेव्हा जन्माला आला. आज आमच्यासारखे लोक तोच शब्द वापरून आपली लाज झाकतात.

खेळण्यावरून कार्टून काढायचा पहिला मोठा वाद १९६९ चा. मॅटेलच्या 'हॉट व्हील्स' या छोट्या मोटारींवर त्याच नावाची मालिका टीव्हीवर आली. मॅटेलच्या एका प्रतिस्पर्धी कंपनीनं तक्रार केली की हा कार्यक्रम नव्हेच, ही अर्ध्या तासाची जाहिरात आहे. टीव्हीवर देखरेख करणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाला ते पटलं. मालिका बंद पडली आणि पुढची दहा-बारा वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही.

मात्र मधल्या काळात १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला. मॅटेलनं त्याच्या खेळण्यांचे हक्क नाकारले होते. केनर नावाच्या कंपनीनं ते घेतले, पण चित्रपट इतका चालला की नाताळपर्यंत खेळणी तयार होईनात. तेव्हा केनरनं काय करावं? चक्क रिकामा पुठ्ठ्याचा खोका विकला! आत एक प्रमाणपत्र होतं. ते भरून पाठवलं की पुढच्या वर्षी चार बाहुल्या टपालानं घरी येणार. लोकांनी ते खोकेही घेतले. त्या दिवशी सगळ्या खेळणीवाल्यांना एक गोष्ट कळली, की मूल प्लास्टिक मागत नाही, ते गोष्ट मागतं. गोष्ट असेल तर ते रिकाम्या खोक्यासाठीही थांबायला तयार असतं.

अर्ध्या तासाची जाहिरात

१९८१ मध्ये रेगन अध्यक्ष झाले. त्यांनी एफसीसीवर नेमलेले मार्क फाउलर हे मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते होते. टीव्हीवरचे नियम एकेक करून सैल झाले आणि १९८४ साली जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादाही उठली. पण कंपन्यांना वाऱ्याची दिशा आधीच कळली होती. मॅटेलनं १९८२ मध्ये 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' ही खेळणी आणली, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये 'ही-मॅन'ची मालिका सुरू झाली. फिल्मेशन या स्टुडिओनं पहिल्याच हंगामासाठी तिचे ६५ भाग केले. मोठ्या वाहिन्यांच्या दारात न जाता ती थेट स्थानिक टीव्ही केंद्रांना विकली, त्यामुळे ती शनिवारी सकाळपुरती न राहता रोज शाळा सुटल्यावर दिसू लागली.

या कथांमागचा हिशेब किती रोखठोक होता याचा एक नमुना सांगतो. ही-मॅनचा तो हिरवा वाघ, बॅटल कॅट. तो मुळात मॅटेलच्याच 'बिग जिम' नावाच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या बाहुल्यासाठी बनवलेला वाघ होता. साचा तयार होता, नवीन साच्याचा खर्च वाचत होता. ही-मॅनच्या मानानं वाघ फारच मोठा झाला, म्हणून त्याच्यावर खोगीर चढवून त्याला वाहन केलं आणि हिरवा रंग दिला. आपल्या देवांच्या वाहनांमागे पुराणं आहेत. या वाहनामागे कॉस्टिंगचा कागद आहे.

हॅस्ब्रोची युक्ती तर वकिलालाही सुचणार नाही. १९८२ मध्ये त्यांनी 'जी. आय. जो' नव्यानं आणला, आता 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्यांइतका, म्हणजे पावणेचार इंचांचा. खेळण्याच्या जाहिरातीत किती चलच्चित्र दाखवायचं यावर बंधनं होती, पण कॉमिक पुस्तकाच्या जाहिरातीवर नव्हती. मग मार्व्हलकडून 'जी. आय. जो'चं मासिक कॉमिक काढून घेतलं आणि टीव्हीवर त्या कॉमिकची झोकदार चलच्चित्र जाहिरात केली. विकायचं होतं खेळणं, जाहिरात मात्र पुस्तकाची!

याविरुद्ध सर्वांत खंबीरपणे उभ्या राहिल्या त्या पेगी चॅरन. मॅसॅच्युसेट्समधल्या या गृहिणीनं १९६८ मध्ये आपल्या दिवाणखान्यात काही पालकांना जमवून 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संस्था काढली होती. कार्यक्रमांवर बंदी घाला असं त्या म्हणत नव्हत्या, सेन्सॉरशिपला त्यांचा विरोधच होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की गोष्ट कुठे संपते आणि दुकान कुठे सुरू होतं हे लहान मुलाला कळत नाही, त्याचा फायदा घेऊ नका. त्यांच्या वीस-बावीस वर्षांच्या खटपटीनंतर १९९० मध्ये मुलांच्या टीव्हीसंबंधीचा कायदा झाला. जाहिरातींना पुन्हा मर्यादा आली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. पण खेळण्यांवरची कार्टून्स मात्र राहिलीच.

आज बाप म्हणून मला चॅरनबाईंचं म्हणणं शंभर टक्के पटतं. तरीही कपाट माझंच आहे. असं का?

हुकुमावरून लिहिणारी माणसं

मला वाटतं, त्याचं कारण या गोष्टी लिहिणाऱ्या माणसांत आहे. त्यांना काम दिलं होतं माल खपवायचं. त्यांनी ते केलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत.

'ट्रान्सफॉर्मर्स'चंच पाहा. मोटारीचा यंत्रमानव होणारी ही खेळणी मूळची जपानची, टाकारा कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांमधली. जपानी खेळात त्यातल्या बऱ्याचशा गाड्या माणसं चालवायची. यंत्राला स्वतःचा जीव नव्हता. हॅस्ब्रोनं ती अमेरिकेत आणायचं ठरवलं आणि गोष्ट रचायला मार्व्हलला सांगितलं. बॉब बुडियान्स्की या संपादकाच्या टेबलावर बिननावाच्या यंत्रमानवांचा ढीग आला. त्यानं बसून प्रत्येकाला नाव दिलं, स्वभाव दिला, एखादा दोषही दिला. कुणी भित्रा, कुणी बढाईखोर, कुणी युद्धाला कंटाळलेला. खलनायकाचं 'मेगाट्रॉन' हे नाव फार भीतीदायक वाटतं अशी हॅस्ब्रोची कुरकुर होती. तो खलनायकच आहे, भीती वाटायलाच हवी, असं त्याचं उत्तर होतं. नायकाचं 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव डेनी ओ'नील या दुसऱ्या लेखकानं सुचवलं होतं.

'जी. आय. जो'चं काम लॅरी हामा या जपानी वंशाच्या अमेरिकन लेखकाकडे गेलं. तो स्वतः सैन्यात राहून आलेला. प्रत्येक खेळण्याच्या पाकिटामागे त्या सैनिकाची माहिती छापायची होती. ती त्यानं सैन्यातल्या फायलीसारखी लिहिली: खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, वरिष्ठांचा शेरा. काहींना त्यानं आपल्या ओळखीच्या माणसांची नावं दिली. कॉमिकचा एकविसावा अंक, १९८४ चा, त्यानं एकाही संवादाशिवाय केला. सगळी कथा चित्रांतून. खेळणी विकायला इतकं करायची काहीच गरज नव्हती. ते कॉमिक १९९४ पर्यंत १५५ अंक चाललं.

ऑगस्ट १९८६

आता या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. ऑगस्ट १९८६ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स'चा कार्टून चित्रपट अमेरिकेत लागला. १९८४ ची खेळणी आता जुनी झाली होती, दुकानांत नवीन माल मांडायचा होता. तेव्हा कंपनीनं व्यवहारी निर्णय घेतला: जुनी पात्रं चित्रपटात मारून टाकावीत. त्यात ऑप्टिमस प्राइमही आला. पहिल्या अर्ध्या तासातच तो सहकाऱ्यांच्या देखत प्राण सोडतो आणि पडद्यावर त्याचा लाल-निळा रंग हळूहळू राखाडी होत जातो.

थिएटरात मुलं हमसून रडली. काहींना आयांनी बाहेर नेलं. कंपनीकडे पत्रांचा पाऊस पडला. कंपनीतली माणसं खरोखरच चक्रावली, कारण त्यांच्या लेखी ते एक बंद होणारं मॉडेल होतं. मुलांच्या लेखी ते घरातलं कुणी होतं. धसका असा, की पाठोपाठ येणाऱ्या 'जी. आय. जो'च्या चित्रपटात ड्यूक हा नायक मरणार होता, तिथे आयत्या वेळी संवाद घालून तो फक्त बेशुद्ध आहे असं केलं. आणि १९८७ च्या सुरुवातीला टीव्हीवर ऑप्टिमस प्राइमला परत आणावं लागलं.

माझ्या मते या दिवशी मालकी बदलली. कागदोपत्री सगळं हॅस्ब्रोचंच राहिलं. पण जे आपण बनवलं ते आपल्याला वाटेल तेव्हा मोडता येत नाही, हे कंपनीला आठ वर्षांच्या पोरांनी शिकवलं.

इकडे नाशिकला

यातलं आम्हाला नाशिकला काहीही ठाऊक नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर 'ही-मॅन' लागायचा. शेजारच्या घरी टीव्हीसमोर आम्ही वाड्यातली आठ-दहा पोरं मांडी घालून बसायचो, आणि नंतर पट्टी उंचावून त्याची आरोळी ठोकायचो. लिओ मॅटेलच्या नावानं ती खेळणी भारतात मिळू लागली होती, पण आमच्या घरच्या बजेटात ती बसणारी नव्हती. दुकानाच्या काचेतून पाहणं एवढाच संबंध. म्हणजे ही-मॅनची गोष्ट मिळाली, खेळणं नाही.

'जी. आय. जो'चं नेमकं उलट झालं. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतल्या फनस्कूल कंपनीनं ते सैनिक भारतात काढले. १९९० च्या सुमारास वडील बँकेच्या कामाला मुंबईला गेले होते, तिथून त्यांनी एक आणला. "सांभाळून खेळ, पुन्हा मिळणार नाही," एवढंच म्हणाले. कार्टून आम्ही पाहिलेलं नव्हतं. पाकिटामागचं इंग्रजी आम्हा पाचवीतल्या पोरांना कुठलं कळायला? त्याचं खरं नाव आम्हाला उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला तानाजी म्हणू लागलो. त्या दिवाळीत वाड्याच्या अंगणात केलेल्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांच्या पुढे, हळीव उगवलेल्या उतारावर तो दोरीनं कडा चढत होता. हातात बंदूक होती, पण तेवढं सगळ्यांनी चालवून घेतलं.

म्हणजे आम्हाला खेळणं मिळालं, गोष्ट नाही. ती आम्ही घरचीच घातली. हामासाहेबांनी खपून लिहिलेली सगळी माहिती वाया गेली असं म्हणावं, की तिचं सार्थक झालं असं म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

२००३ मध्ये मी एम. एस. करायला इकडे आलो. आईनं खेळण्यांची पेटी मावसबहिणीच्या मुलाला देऊन टाकली. त्यात तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे खेळणं असंच पुढच्या मुलाकडे जातं. भातुकलीसुद्धा थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे आणि तिथून भाचीकडे जाते. मोठ्या माणसानं खेळणं जपून ठेवायचं ही आपली रीतच नव्हे. कदाचित त्यामुळेच काकांसमोर माझी जीभ अडखळली.

मोठी झालेली मुलं

अमेरिकेत त्या काळी थिएटरात रडलेली मुलं मात्र मोठी झाली आणि त्यांनी ते सोडलं नाही. १९९४ मध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी 'बॉटकॉन' नावानं ट्रान्सफॉर्मर्सच्या चाहत्यांचं पहिलं संमेलन भरलं. पुढे १९९६ मध्ये 'बीस्ट वॉर्स' ही नवी मालिका आली, तेव्हा तिच्या लेखकांना जुन्या कथेची माहिती हवी होती. ती त्यांना चाहत्यांकडून मिळाली. २००७ च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला आवाज कुणाचा, असा प्रश्न आला, तेव्हा चाहत्यांनी आग्रह धरला तो पीटर कलन यांचाच, १९८४ पासूनचा.

सर्वांत गमतीची गोष्ट 'माय लिटल पोनी'ची. रंगीत आयाळीची ही घोडुली हॅस्ब्रोनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुलींसाठी आणली. तिच्याशी खेळलेल्या मुलींपैकी एक, लॉरेन फाउस्ट, मोठी होऊन कार्टून लिहू लागली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिनं केलेली नवी मालिका सुरू झाली. अपेक्षा होती ती लहान मुलींची. आले मात्र कॉलेजातले आणि नोकरदार पुरुष, हजारोंनी. 'ब्रोनी' म्हणवून घेणाऱ्या या मंडळींनी २०११ ते २०१९ दरवर्षी 'ब्रोनीकॉन' भरवलं. २०१५ ला बाल्टिमोरमध्ये दहा हजारांवर लोक होते. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. मीही केली. मग मुलगी लहान असताना तिच्याबरोबर सोफ्यावर बसून ते भाग पाहिले, आणि ती झोपल्यावर उरलेला भाग एकट्यानं पाहिला. त्यानंतर टिंगल बंद केली.

अर्थात कंपन्याही काही झोपलेल्या नाहीत. २०१९ मध्ये हॅस्ब्रोनं १९८६ च्या त्याच चित्रपटातला युनिक्रॉन हा ग्रहाएवढा राक्षस काढायचं ठरवलं. किंमत ५७५ डॉलर, आणि आठ हजार लोकांनी आधी पैसे भरले तरच बनवणार. भरले! ज्या मुलांना एकदा रडवलं त्यांनाच चाळिशीत पुन्हा गिऱ्हाईक केलं. केनरच्या रिकाम्या खोक्याची ही मोठी आवृत्तीच म्हणायची. पेगी चॅरन २०१५ मध्ये गेल्या. त्या असत्या तर मोठ्या माणसांना वाचवायला त्यांनी वेगळी संस्था काढली असती की आम्हाला आमच्या नशिबावर सोडलं असतं, कोण जाणे.

कपाटातला तानाजी

काही वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या खेळण्यांच्या एका बाजारात मी सहज फिरत होतो. ओहायोहून आलेल्या एका साठीच्या गृहस्थाच्या टेबलावर न उघडलेलं एक पाकीट दिसलं. तोच सैनिक, तेच रंग. पाकिटावर बारीक अक्षरांत पत्ता होता गोव्याचा! फनस्कूलचा कारखाना जुन्या गोव्याजवळ होता हे मला तेव्हा कळलं. भारतातले हे सैनिक हॅस्ब्रोच्याच साच्यांतून निघाले, पण रंग निराळे, म्हणून अमेरिकेतले संग्राहक ते शोधत असतात, असं त्यानं समजावलं. मी म्हणालो, लहानपणी माझ्याकडे हाच होता. तो थबकला. त्याच्याकडे भारतातली कितीतरी पाकिटं होती, पण त्यांच्याशी खेळलेलं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं.

"याच्याशी काय खेळायचात?" त्यानं विचारलं.

मग भर बाजारात मी त्याला दिवाळीचा किल्ला सांगितला, हळीव सांगितले, मावळे आणि कडा चढणारा तानाजी सांगितला. खुर्ची ओढून तो ऐकत राहिला. किंमत मात्र एक डॉलरही कमी केली नाही. ती किती होती हे घरी अजून कुणाला माहीत नाही, आणि हा अंक घरीही वाचला जातो म्हणून इथेही लिहीत नाही.

पाकीट घरी आणून मी फोडलं. संग्राहकांच्या लेखी हे पाप आहे, किंमत निम्म्यावर येते. पण तानाजीला पाकिटात कसा ठेवणार?

तर कन्येच्या प्रश्नाचं उत्तर असं. मी खोटं बोललो, कारण हे खेळणं माझं आहे असं म्हटलं असतं तर पंचेचाळीसचा माणूस खेळण्यात रमतो एवढंच काकांना दिसलं असतं. एकच खेळणं आणून "सांभाळून खेळ" म्हणणारे वडील, आता नसलेलं वाड्याचं अंगण, हे त्यांना कसं दिसणार? पण सांगितल्याशिवाय दिसणार नाही, हेही खरंच. ओहायोच्या परक्या माणसाला जे सांगितलं ते घरच्या मुलीला सांगायचं मात्र राहूनच गेलं होतं.

हा मजकूर अंकाला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, वर गेली आणि तिच्या लहानपणीची जांभळी पोनी घेऊन आली. तानाजीच्या शेजारी तिला उभी करत म्हणाली, "चल, आता निदान थोडं तरी माझं आहे."

मंडळी, यंदाच्या गणपतीत या. बेसमेंटमधलं कपाट पाहा आणि खुशाल विचारा, "हे कुणाचं?" या वेळी उत्तर तयार आहे.